तुमच्या डागातलं (दागिन्यातलं) सोनं आलं कुठून?

(आमच्या विट्याच्या गलाई, म्हणजे सोनं आटवून चोख करायच्या दुकानातून, गिऱ्हाइकांसाठी)

आजीच्या पाटल्या आटवायला आणलेलं गिऱ्हाईक मुशीकडं बघत हमखास विचारतं, "सोनं तेच राहतं ना?" भट्टीपुढं नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

तेच राहतं. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्या आचेनं डागाचा घाट मोडतो, सोन्याच्या अणूला धक्काही लागत नाही. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, बाकी बहुतेक तांबं नि चांदी. आम्ही त्यात आणखी चांदी घालून आटवतो, पाण्यात ओतून दाणे करतो आणि तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळतो. तांबं-चांदी विरघळून पाणी हिरवट-निळं होतं, तळाशी तपकिरीसारखी भुकटी उरते. तेच चोख सोनं! सवागी (टाकणखार) टाकून वितळवलं की पिवळंधमक.

म्हणजे आम्ही फक्त वेगळं करतो. घडवायची भट्टी दुसरीच. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश उष्णता आहे, पण तिथं हायड्रोजनचं हेलियमच होतं. सूर्याच्या आठ-दहापट नि त्याहून जड तारे असेच अणू जोडत जोडत लोखंडापर्यंत पोचतात. त्यापुढं अणू जोडायला ऊर्जा पदरची घालावी लागते. मग गाभा ढासळतो, तारा फुटतो. डागातलं तांबं बहुतेक अशा जड ताऱ्यांतलं.

सोन्याला न्यूट्रॉनचा (अणूच्या गाभ्यातल्या कणांचा) जबर मारा लागतो, तोही क्षणात. असा मारा न्यूट्रॉन तारे, म्हणजे फुटलेल्या जड ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे, एकमेकांवर आदळले की होतो. १७ ऑगस्ट २०१७ ला सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर असे दोन तारे आदळल्याची गुरुत्वीय लहर, अशा लहरी टिपणाऱ्या लायगो आणि व्हर्गो यंत्रांनी टिपली. मागोमाग दुर्बिणींना दिसलेल्या उजेडात नव्यानं घडलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा सापडल्या. तसलंच लायगो यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारायला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, याचा आम्हाला फार आनंद आहे.

सोनाराच्या दुकानातला केरही आपण टाकत नाही, त्यातून सोनं काढतो. आकाशगंगेतही तसंच: मेलेल्या ताऱ्यांची राख वायूत मिसळते, तिच्यातून पुढचे तारे होतात. म्हणून फार जुन्या ताऱ्यांत लोखंड अगदी थोडं सापडतं. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. तुमच्या पाटल्यांतलं सोनं त्याच्याही आधीचं.

तेव्हा "पावडर टाकून सोनं वाढवून देतो" म्हणत कुणी दारात आलं, तर डाग हातात देऊ नका. आमच्याकडंही आटणी होईपर्यंत समोर थांबा, आधीचं नि नंतरचं वजन चिठ्ठीवर लिहून घ्या, घट का आली ते विचारा.