लाल ठिपके आणि संध्याकाळची आग

उसाचा हंगाम लागला की कोल्हापूरच्या आसपास पाचटाचा धूर, होळीच्या आगेमागे पन्हाळा-राधानगरीच्या डोंगरांवर वणवे. त्या दिवसांत उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे, लाल ठिपक्यांचे नकाशे मोबाइलवर फिरतात आणि जो तो त्यावरून दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

धूर-धूळ उपग्रहातून दिसते हे कळलं तेही आडवाटेने. १९७८ साली ओझोन मोजायला गेलेल्या एका उपकरणाच्या नोंदींत धुळीचे लोटही उमटले होते, पण ते ध्यानात यायला नव्वदचं दशक उजाडलं. आजच्या ठिपक्यांचं मूळ मात्र टेरा (डिसेंबर १९९९) आणि अ‍ॅक्वा (मे २००२) या दोन उपग्रहांत. ठिपक्यांसाठी ते धूर नव्हे, उष्णता टिपतात, तीही एक किलोमीटरच्या चौकोनात. २०११ मध्ये गेलेल्या सुओमी उपग्रहामुळे चौकोन ३७५ मीटरवर आला. वणव्यासाठी हे पुरेसं आहे. वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश येतात आणि तो डोंगर चढू लागतो.

घोळ झाला तो ठिपके मोजून हिशेब मांडायला लागल्यावर. उत्तरेत पराली, म्हणजे भातकापणीनंतर शेतात उरलेले खुंट, जाळण्याचे आकडे प्रत्येकाचे वेगळे निघत, म्हणून २०२१ मध्ये सर्वांसाठी एकच उपग्रह-पद्धत ठरली. तंटा मिटला खरा, पण यातले मुख्य उपग्रह डोक्यावरून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. आकडे घटले म्हणून पाठ थोपटून घेणं चालू असतानाच, २०२४ मध्ये एका कोरियन भूस्थिर, म्हणजे एकाच भागावर सतत नजर ठेवणाऱ्या, उपग्रहाच्या चित्रांत दुपार कलल्यावरच्या आगी दिसल्या. शेतकऱ्यांनी वेळ मुद्दाम बदलली की नाही, यावर अजून वाद आहे. माझ्या मते तो गौण आहे. दिवसातून दोनदा डोकावून काढलेल्या आकड्याला एकूण आगींचा आकडा म्हणणंच मुळात चुकीचं.

आपल्याकडे तर हे आणखी लागू पडतं. ऊसतोडणीची टोळी फड मोकळा करून गेली की पाचट पेटतं ते बहुधा वारा पडल्यावर, दिवस मावळताना. अर्ध्या एकराचा तुकडा बघता बघता जळतो आणि रात्री दीडला तिथे राखच उरलेली असते. शिवाय ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे जवळपास ३५ एकर, आणि नकाशावर ठिपका पडतो त्याच्या मध्यावर. पेटवलं एकाने, ठिपका मात्र पाचटाची कुट्टी करून सरीत दाबणाऱ्याच्या शेतावर, असं सहज होऊ शकतं. भट्टीसारखी कायमची उष्ण जागाही कधी ठिपका होऊन येते.

२०१३ चा आपला इन्सॅट-३डी भूस्थिर, दर अर्ध्या तासाला चित्र देणारा. पण उष्णतेसाठी त्याचा चौकोन चार किलोमीटरचा, त्यात पाचटाची आग हरवते. धुळीसाठी मात्र असं वरचेवर येणारं चित्र कामाचं, कारण लोट शेकडो किलोमीटरचे असतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेली धूळ मुंबई-पुण्यात गाड्यांच्या काचांवर बसली. तिचा पट्टा समुद्रावर असतानाच उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता.

ती धूळ किती उंचीवर आहे, हे साध्या चित्रातून सांगता येत नाही. तीन किलोमीटरवरचा थर चित्रात दाट दिसतो आणि खाली हवा बरी असते. थरांची उंची लेसरने मोजणारा एक उपग्रह २००६ पासून होता, तो २०२३ मध्ये थांबला. मे २०२४ मध्ये युरोप-जपानचा नवा गेला, पण त्याचा लेसर मार्गाखालची एक रेघ तेवढी पाहतो. नेमक्या धुळीच्या दिवशी ती कोल्हापूरवरून जाईलच, असं नाही.