जुन्या सोन्याच्या साध्या कफलिंक्स

शर्टाच्या बाहीचा कफ शिवलेल्या बटणाने न लावता, दोन्ही काठांच्या काजांतून ओवून अडकवायच्या सुट्या बटणजोडीला कफलिंक म्हणतात. या नोंदीत त्यांतल्या एकाच प्रकाराचा विचार केला आहे: सोन्याच्या, खडा-मीना-नक्षी नसलेल्या आणि आधी कुणीतरी वापरलेल्या. अंडाकृती चकती, गोल टिकली, चौकोनी पट्टी किंवा नुसती आडवी दांडी, एवढेच त्यांचे आकार. आजकाल त्यांना ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज कारागिराला हा शब्द कळला नसता. तो अंडाकृती चकती कोरी सोडत असे ती पुढे गिऱ्हाइकाची आद्याक्षरे कोरता यावीत म्हणून. आज मिनिमलिस्ट म्हणून मिरवणारे कित्येक जोड खरे तर अक्षरे कोरायची राहून गेलेले जोड आहेत.

मराठी घरांत या वस्तूचा जवळचा नातलग म्हणजे सदऱ्याच्या सोन्याच्या गुंड्या, बारीक साखळीने एकमेकींना जोडलेल्या आणि लग्नाकार्यापुरत्या कपाटाबाहेर निघणाऱ्या. कस (सोन्याची शुद्धता), डाक (धातूचा सांधा) आणि उजाळ्याबद्दल पुढे जे येते, ते बव्हंशी त्या गुंड्यांनाही लागू पडते.

पूर्वपीठिका

सतराव्या शतकापर्यंत युरोपात बाह्यांची टोके फितीने किंवा दोरीने बांधत. आपल्या बाराबंदीचे बंद डोळ्यांपुढे आणले की कल्पना येते. पुढे फितीच्या जागी साखळीने जोडलेली दोन लहान बटणे आली. इंग्लंडच्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना त्या काळातली चांदीची बटणे अजून सापडतात. त्यांतल्या काहींवर मुकुटाखाली दोन हृदये असतात. 1662 साली झालेल्या दुसरा चार्ल्स आणि ब्रगांझाची कॅथरीन यांच्या विवाहाची ती आठवण मानली जाते. ज्या लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, तेच हे लग्न.

एकोणिसाव्या शतकात कफ इतका कडक खळ देऊन घालण्याची पद्धत पडली की साधे बटण त्यातून जाईना. कफलिंक मग चैनीची वस्तू न राहता कारकून-व्यापाऱ्यांचीही गरज झाली. स्वस्ताईचे दोन मार्ग त्याच सुमारास खुले झाले होते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी 1840 मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि 1854 मध्ये ब्रिटनच्या कायद्याने 9, 12 व 15 कॅरेटच्या सोन्याला मान्यता दिली. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या साध्या ब्रिटिश जोडांत 9 कॅरेटचा भरणा एवढा का, याचे उत्तर या कायद्यात आहे.

फासा

पारखी माणूस कफलिंक आधी उलटी करून तिचा फासा, म्हणजे मागची अडकवण्याची रचना, पाहतो. सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत देखणी रीत साखळीची: दोन्ही बाजूंना सारख्याच चकत्या, मध्ये तीन-चार कड्या. कफच्या दोन्ही अंगांना सोनेच दिसते. ती एका हाताने लावणे मात्र सरावाचे काम आहे. दुसऱ्या प्रकारात साखळीऐवजी ताठ, किंचित वाकवलेली दांडी असते. विसाव्या शतकात फिरत्या दांडीचा फासा रुळला. त्यात मागची बंदुकीच्या गोळीसारखी दांडी आडवी-उभी फिरते आणि तिला जागेवर धरणारी स्प्रिंग पोलादाची असते. 1920 च्या दशकात अमेरिकेत चाप-बटणासारख्या टचकन जुळणाऱ्या जोडांची लाट येऊन गेली. त्यांतले बहुतेक हलक्या धातूचे आहेत.

साखळीच्या जुन्या जोडांत एक अडचण हमखास निघते. कडक खळीचा एकेरी कफ दोन पदरी असे. आजचा दुमडलेला दुहेरी कफ चार पदरी असतो. त्यामुळे साखळी तोकडी पडते, कफ चिमटल्यासारखा दिसतो आणि ताण येऊन कडी झिजते. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून दोन चकत्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मागावे. पुढच्या बाजूच्या दहा फोटोंपेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी पडतो.

ठसे वाचणे

ब्रिटिश वस्तूवर सहसा चार खुणा मिळतात: घडवणाऱ्याची आद्याक्षरे, सोन्याचा कस, तपासणी कचेरीचे चिन्ह आणि सालदर्शक अक्षर. कचेऱ्यांपैकी लंडनचे चिन्ह बिबट्याचे तोंड, एडिंबरोचे किल्ला आणि बर्मिंगहॅमचे जहाजाचा नांगर. समुद्रापासून लांब असलेल्या या गावाच्या कचेरीला 1773 पासून नांगर चिकटलेला आहे. सालाचे अक्षर वाचताना नवखा माणूस फसतो, कारण 1975 पूर्वी एकच अक्षर लंडनला एका वर्षाचे आणि बर्मिंगहॅमला दुसऱ्याच वर्षाचे असे. म्हणून आधी गाव ओळखायचे, मग त्या गावाच्या तक्त्यात अक्षराचे वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार जुळवायचा.

काही ठसे स्वतःच काळ सांगतात. ‘15’ आणि ‘.625’ ही जोडी दिसली तर वस्तू 1854 ते 1932 मधली, कारण 1932 मध्ये 12 व 15 कॅरेट रद्द होऊन त्यांच्या जागी 14 कॅरेट आले. चेस्टरची कचेरी 1962 मध्ये बंद झाली आणि ग्लासगोची 1964 मध्ये. त्यांचे ठसे त्यानंतरचे असूच शकत नाहीत. फ्रेंच 18 कॅरेटवर 1838 पासून गरुडाचे डोके मारतात. ते इतके बारीक असते की भिंगाशिवाय ओरखडा वाटावे. अमेरिकेत ब्रिटनसारखी सरकारी तपासणी नाही. तिथला ‘14के’ हा घडवणाऱ्याने स्वतः मारलेला ठसा असतो. 1961 पासून त्याच्याजवळ उत्पादकाची नोंदलेली खूण असणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे.

फसगत होते ती ‘1/20 12के जीएफ’ (गोल्ड-फिल्ड, म्हणजे वरून सोन्याचा पत्रा चढवलेले) अशा ठशांनी. यात ‘12के’ तेवढे चटकन डोळ्यांत भरते. अर्थ असा की एकूण वजनाचा विसावा भाग 12 कॅरेटचा पत्रा आहे आणि आत पितळ किंवा तसाच धातू. दहा ग्रॅमच्या जोडात अर्धा ग्रॅम पत्रा, म्हणजे शुद्ध सोने पाव ग्रॅम. वस्तू म्हणून ती वाईट नाही, पत्रा जाड असल्याने मुलाम्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते. फक्त तिला सोन्याच्या भावात घेऊ नये.

कस

मूळ परीक्षा कसोटीच्या दगडाची: रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा, ज्ञात कसाच्या रेघेशी ताडून पाहायची. साध्या घडणीच्या कफलिंकवर ती चकतीच्या तोंडावर कधीच करू देऊ नये. मागच्या दांडीच्या टोकाला, आणि तिथेही हलक्या हाताने. सराफाकडच्या क्ष-किरणी कॅरेट मीटरने ओरखडा पडत नाही, पण त्याची नजर वरच्या पातळ थरापुरती असते. जाड मुलाम्याखालचे पितळ त्याला चकवू शकते.

घरी करण्यासारखी परीक्षा पाण्याची. साखळीचा जोड कोरडा तोलला, भरला 10.80 ग्रॅम. दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलला, भरला 9.83. फरक 0.97. 10.80 ला 0.97 ने भागले की 11.1 येते आणि 9 कॅरेटची घनता याच आसपास असते. 18 कॅरेट पिवळ्या सोन्याची पंधराच्या वर जाते, पितळाची साडेआठच्या आसपास असते. गोम अशी की स्टर्लिंग (925 कसाच्या) चांदीची घनता सुमारे 10.3 आहे. त्यामुळे 9 कॅरेट सोने आणि सोन्याचे पाणी दिलेली चांदी यांतला भेद स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही. फिरत्या दांडीच्या फाश्यात हवा अडकते आणि पोलादही असते, तेव्हा तिथे ही परीक्षा करूच नये. तसेच चुंबकाला दांडी किंचित ओढली गेली म्हणून सगळी वस्तू खोटी ठरत नाही. ओढली जाते ती स्प्रिंग.

दोष कुठे शोधायचे

नक्षीदार दागिन्यात शंभर चरे लपतात. कोऱ्या चकतीवर एकही लपत नाही. साध्या कफलिंकची सगळी परीक्षा या एका गोष्टीभोवती फिरते. चकती खिडकीजवळ तिरकी धरून तिच्यात खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पाहावे. चौकट सरळ दिसली तर पृष्ठ अजून मूळचे आहे. ती एका जागी लाटेसारखी वाकली तर तिथे पोचा आहे, किंवा पूर्वीची आद्याक्षरे घासून काढली आहेत. अक्षरे घासलेल्या जागी पत्रा पातळ होतो आणि नखाने दाबले तर किंचित लवतो. माझ्या मते परक्याची अक्षरे असलेली जाड चकती ही अक्षरे उडवलेल्या पातळ चकतीपेक्षा केव्हाही चांगली. कुणा अनामिकाचे ‘आर.एच.’ मनगटावर वागवायला हरकत काय?

मग कडा. नव्या घडणीची कड बोटाला स्पष्ट लागते. वारंवार उजाळा दिलेली कड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गोलसर होते आणि ठशातले आकडे पुसट होतात. साखळीच्या कड्यांत झीज असते ती कडीला कडी टेकते तिथे, म्हणून साखळी सैल करून कडी आतल्या अंगाने पाहावी. अर्ध्याहून कमी जाडी उरली असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा धरावा. सांध्यावर करडा, मळकट गोळा दिसला तर कुणीतरी शिसे-कथिलाचा डाक दिलेला आहे. हा दोष मोठा, कारण पुढे सोनाराने सोन्याचा डाक देण्यासाठी आच दिली की ते शिसे सोन्यात उतरून त्याला खाते. दोन्ही नग एकाच जोडाचे आहेत का तेही ताडावे. सालाचे अक्षर वेगळे, वजनात ठळक फरक किंवा एकीची छटा तांबूस असेल, तर जोड नंतर जमवलेला आहे.

भाव

हिशेब सोपा आहे. 18 कॅरेटचा 12 ग्रॅमचा जोड म्हणजे शुद्ध सोने 9 ग्रॅम. 9 कॅरेटचा 8 ग्रॅमचा जोड म्हणजे 3 ग्रॅम. त्या दिवसाच्या दराने गुणले की मोडीची, म्हणजे नुसत्या धातूची, किंमत निघते. फिरत्या दांडीच्या जोडात स्प्रिंगचे वजन यातून वगळावे लागते. त्यावर जे जाईल ते घडण, वय आणि नावाचे. नाव नसलेल्या साध्या जोडाला मोडीच्या फार वर पैसे देऊ नयेत. कार्तिए, टिफनी यांसारख्या घराण्यांचा ठसा असेल तर भाव कित्येक पट होतो आणि खोट्या ठशांचा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. आपल्याकडचा सराफ मात्र दोहोंना एकाच काट्यावर टाकतो, घट वजा करतो आणि मोड सांगतो. त्याची चूक नाही. त्याचा धंदा सोन्याचा आहे, कफलिंकचा नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात नेऊन फायद्याने विकू, या हिशेबाने लंडनहून जोड आणणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

भारतात 23 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सक्ती लागू असलेल्या ठिकाणी सराफाला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या नगाचा स्वतंत्र ओळख) क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. सक्ती सराफाच्या विक्रीवर आहे. आजोबांच्या पेटीत सापडलेला बिनठशाचा जोड ठेवायला किंवा सराफाला विकायला आडकाठी नाही, आणि मान्यताप्राप्त केंद्रात ग्राहकाला तो तपासूनही घेता येतो. 9 कॅरेटला बरीच वर्षे इथे सोने म्हणून कुणी विचारत नव्हते. जुलै 2025 पासून तेही हॉलमार्कच्या यादीत आले.

निगा

कोमट पाणी, भांड्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश, यापलीकडे सहसा काही लागत नाही. आजीच्या पद्धतीने रिठ्याच्या पाण्यात बुडवले तरी चालते. टूथपेस्ट मात्र नको. तिच्यात घासणारी पूड असते आणि कोऱ्या चकतीवर तिचे बारीक चरे कायमचे उमटतात. फिरत्या दांडीचा जोड पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत सोन्याला काही होत नाही, आतली स्प्रिंग मात्र गंजते. ब्लीच आणि जलतरण तलावातले क्लोरीन कमी कॅरेटच्या सोन्याला, विशेषतः सांध्यांना, ठिसूळ करते. पारा तर शेजारीही नको: फुटलेल्या थर्मामीटरमधला थेंब लागला की सोने तिथल्या तिथे पांढरे पडते. 9 कॅरेटमध्ये निम्म्याहून अधिक तांबे-चांदी असल्याने ते कालांतराने काळवंडते. तेव्हा कोरड्या सुती फडक्याने पुसणे पुरते; सराफाच्या यंत्रावरचा उजाळा दहा-पंधरा वर्षांतून एकदा, तोही गरज असेल तरच. दोन्ही नग वेगवेगळ्या मऊ कापडात ठेवावेत. एकाच डबीत खुळखुळणारा जोड एकमेकांना ओरबाडतो.

कफलिंक हरवते ती बहुधा समारंभात नाही, समारंभानंतर. शर्ट तसाच धुवायच्या ढिगात जातो आणि एक नग त्याच्याबरोबर. उरलेल्या एकट्या नगाचे पेंडंट किंवा टायपिन करून घेतात. जुन्या बाजारात असे एकटे नगही विकायला येतात, मोडीच्या जवळपासच्या भावात. आपल्याकडच्या नगाची कचेरी, सालाचे अक्षर आणि चकतीचे माप लिहून ठेवले असेल, तर त्यांतूनच कधीतरी जुळणारा दुसरा मिळून जातो.