हजार स्ट्रीम्सचा उंबरठा: स्वतंत्र गायक-गीतकाराच्या कमाईची पार्श्वभूमी

मराठीत ‘गीतकार’ म्हटलं की शब्द लिहिणारा डोळ्यांसमोर येतो. चाल लावणारा संगीतकार वेगळा, गाणारा गळा तिसरा. तिन्ही कामं एकच माणूस करतो तेव्हा त्याला काय म्हणावं यावर एकमत नाही, म्हणून इथे ‘गायक-गीतकार’ हाच शब्द धरला आहे. हे आधीच सांगायचं कारण पुढच्या हिशोबात आहे: वर्षात हजार स्ट्रीम्स (म्हणजे इंटरनेट सेवेवर गाणं ऐकलं जाण्याच्या वेळा) न झालेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे देणं एका मोठ्या सेवेने बंद केलं आहे. या माणसाच्या एकाच गाण्यावर दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. तो ‘स्वतंत्र’ ठरतो तो मुख्यतः दुसऱ्या हक्कामुळे, म्हणजे मास्टर (गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण) त्याच्या मालकीचं असल्यामुळे.

मास्टर स्वतःकडे ठेवणं बराच काळ परवडण्यासारखं नव्हतं. स्टुडिओचं भाडं, तबकड्यांची छपाई, दुकानांपर्यंतची पोहोच हे सगळं ध्वनिमुद्रण कंपनीच्या हातात होतं. ती आगाऊ रक्कम द्यायची, झालेला खर्च रॉयल्टीतून वळता करून घ्यायची आणि मास्टर बहुधा आपल्याकडे ठेवायची. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारं यंत्र आलं आणि एका ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर आवाज, उरलेल्यांवर जे सुचेल ते, असं घरच्या खोलीत करता येऊ लागलं. मुद्रण आवाक्यात आलं, वाटप मात्र नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने एक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं. तिथे दुकानाचा वाटा वजा जाता सुमारे ७० टक्के रक्कम हक्कधारकाकडे जात होती. शंभर लोकांनी गाणं घेतलं तर शंभर विक्रींचे पैसे, इतका तो व्यवहार सरळ होता.

स्ट्रीमिंगने हा सरळपणा संपवला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आज सर्वांत मोठी असलेली सेवा सुरू झाली. दर स्ट्रीममागे ठरावीक भाव मिळतो असा समज तेव्हापासून आजवर टिकून आहे, पण तो खरा नाही. महिन्याभराचा महसूल एकत्र केला जातो, सेवा आपला वाटा काढते आणि उरलेली रक्कम एकूण स्ट्रीम्सच्या प्रमाणात वाटली जाते. गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजली जाते. रक्कम क्षुल्लक असायची, पण तत्त्व स्पष्ट होतं: ऐकलं गेलं तर मोजलं जाणार, मोजलं गेलं तर पैसे मिळणार.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच सेवेने ते तत्त्व बदललं. २०२४ च्या सुरुवातीपासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स नसलेल्या ट्रॅकला, म्हणजे गाण्याला, ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही, असा नियम आला. शिवाय किमान किती वेगवेगळ्या श्रोत्यांनी ते ऐकलेलं असावं याचीही अट घातली गेली आणि तो आकडा जाहीर केला गेला नाही. सेवेची बाजू अशी: अशा ट्रॅकना महिन्याला सरासरी ३ सेंट मिळतात. वितरकांची (कलाकारांची गाणी सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्यांची) पैसे काढण्याची किमान मर्यादाच २ ते ५० डॉलर असल्याने ही रक्कम कलाकारापर्यंत पोहोचतच नाही. ती नुसती पडून राहण्यापेक्षा पात्र ट्रॅकमध्ये वाटावी. सेवा स्वतः त्यातून काही कमावत नाही, हेही तिने सांगितलं.

युक्तिवाद एका ट्रॅकपुरता पटतो. अडचण गाण्यांचा संच घेऊन बसलेल्या माणसाची आहे. दहा गाण्यांचा अल्बम घ्या. प्रत्येक गाणं वर्षात ९०० वेळा ऐकलं गेलं, तर एकूण ९,००० स्ट्रीम्स होतात आणि ध्वनिमुद्रणापोटी हाती शून्य येतं. तेवढ्याच ९,००० स्ट्रीम्स एकाच गाण्याला मिळाल्या तर पूर्ण पैसे. महिन्याला ८३ वेळा वाजणारं गाणं वर्षाअखेर ९९६ वर अडकतं, ८४ वेळा वाजणारं पार होतं. सावकाश जुनं होत जाणारं, दर महिन्याला थोडेथोडे श्रोते मिळवणारं गाणं ही तर या मंडळींची खरी मिळकत असते. रक्कम लहान आहे म्हणून ती ज्याची त्याला न देता मोठ्यांच्या वाट्यात घालायची, हे मला न्याय्य वाटत नाही.

दोन हक्कांचा मुद्दा इथे पुन्हा येतो. हा नियम फक्त ध्वनिमुद्रणाच्या पैशांना लागू आहे. शब्द-चालीच्या हक्काचा हिशोब वेगळा होतो, त्यामुळे उंबरठ्याखालच्या गाण्यासाठी एकाच माणसाचा अर्धा हक्क चालू आणि अर्धा बंद, अशी स्थिती झाली. शब्द-चालीचे पैसे मिळवायला वेगळी नोंदणी लागते. ज्यांनी ती केलेली नाही, त्यांच्यापुरतं दुसरं दारही बंदच.

२०२३ च्याच सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका सेवेने हजाराचाच आकडा निराळ्या प्रकारे वापरला होता. महिन्याला किमान १,००० स्ट्रीम्स आणि ५०० वेगळे श्रोते असलेल्या कलाकारांच्या स्ट्रीम्सना दुप्पट वजन, पण खालच्यांना शून्य नाही. आणखी एका सेवेने २०२१ च्या एप्रिलपासून स्वतंत्र कलाकारांसाठी, श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली होती.

थेट विक्रीची वाट आधीपासून होती. २००८ मध्ये सुरू झालेलं एक संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेऊन बाकीची बहुतेक रक्कम कलाकाराला देतं. मार्च २०२० मध्ये मैफली बंद पडल्या तेव्हा त्याने एका शुक्रवारी आपला वाटा सोडला आणि पुढे तसे शुक्रवार पुनःपुन्हा ठेवले. चाहत्यांकडून दरमहा वर्गणी घेण्याची सोय २०१३ पासून रुळली.

वितरकाच्या तक्त्यात उंबरठ्याखालची गाणी नाहीशी होत नाहीत. गाण्याचं नाव, महिना, देश, ऐकणाऱ्यांचा आकडा हे सगळं पूर्वीसारखंच दिसतं. पूर्वी शेवटच्या रकान्यात दशांश चिन्हानंतर चार-पाच आकडे असायचे, आता तिथे शून्य असतं.