मोलिनियो : गरम चॉकलेटची लाकडी रवी

खोका उघडल्याबरोबर पुष्कळ ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "दांडीवरच्या कड्या सैल झाल्यात, बदलून द्याल का?" त्या सैलच असतात. कृपया डिंक लावून पक्क्या करू नका.

मोलिनियो मूळचा मेक्सिकोचा. कातारी लाकडाचा अखंड तुकडा लेथवर फिरवतो आणि दोन्ही बाजूंनी हत्यार आत घालत कोरत जातो. शेवटी कडी दांडीपासून सुटते, पण बाहेर निघत नाही, कारण तिच्या वर-खाली लाकूड जाड ठेवलेलं असतं. कुठे सांधा नाही, खिळा नाही. दांडी फिरू लागली की टोकाचं खाचांचं बोंड दूध घुसळतं, कड्या आपल्या आपण हलतात आणि हवा दुधात शिरून फेस येतो.

या फेसाचं कौतुक तिकडे फार जुनं. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी माया आणि अॅझटेक लोक एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडून फेस काढत. ही रवी आली ती स्पॅनिश अमलात. मेक्सिकोत पिण्याच्या चॉकलेटची वडी जाडीभरडी असते, त्यात साखर आणि दालचिनी. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात ती दुधाइतकीच पाण्यातही करतात. वडी विरघळल्यासारखी दिसली तरी कोकोचे कण तळाशी बसतात, म्हणून चमच्याने ढवळून भागत नाही.

भांडं उभट घ्या आणि अर्धंच भरा. वडी पूर्ण विरघळली की गॅस बंद करा. बोंड आणि कड्या दुधात बुडतील अशी दांडी दोन्ही तळव्यांत धरून, ताक घुसळतो तशी, उलटसुलट फिरवा. बोंड तळाला दाबू नका. शेवटी ते थोडं वर, दुधाच्या पृष्ठभागाजवळ आणा. खरा फेस तिथेच धरतो. कोको पावडरचं चॉकलेटही चालेल.

यानेच ताक केलं तर? होईल, पण लाकूड वास धरून ठेवतं. ताकाची रवी वेगळीच बरी.

वापर झाला की लगेच कोमट पाण्याने धुवा, कड्या सरकवून खालची साय काढा आणि बोंड वर करून उभा वाळवा. भिजत टाकू नका, डिशवॉशरमध्ये तर नकोच. खोबरेल तेलही लावू नका, चॉकलेटला वास लागतो.

वाहतुकीत बोंडाला तडा गेला असेल, तर वापरण्याआधी फोटो पाठवा, बदलून देऊ.