सिडनी चॅप्लिन: चार्लीचा भाऊ कोणता, मुलगा कोणता?

‘द पिलग्रिम’ (१९२३) चार्लीचा, त्यात सिडनी चॅप्लिन आहे. ‘लाइमलाइट’ (१९५२) सुद्धा चार्लीचाच, त्यातही सिडनी चॅप्लिन आहे. फक्त पहिला भाऊ आणि दुसरा मुलगा. काकाचं नाव पुतण्याला ठेवलं, त्यातून हा घोळ. आपल्याकडे मधलं वडिलांचं नाव असा गुंता सोडवतं, तिकडे तीही सोय नाही. त्यात भर म्हणजे ‘लाइमलाइट’मध्ये चार्लीचा एक भाऊ खरोखरच आहे, पण तो व्हीलर ड्रायडन, आईकडून सावत्र!

काका, म्हणजे सिड, १८८५चा, चार्लीहून चार वर्षांनी मोठा. आई एकच, हॅना, वडील वेगळे. हॅनाने चार्लीच्या वडिलांशी, चार्ल्स चॅप्लिनशी, लग्न केलं आणि आडनाव सिडलाही लागलं. पुढे घर मोडलं, आई आजारी पडली आणि दोघं भाऊ लंडनच्या लॅम्बेथमधल्या वर्कहाउसमध्ये गेले. निराधारांना राबवून घेऊन पोसणारी ती जागा. तिथून सिड आधी प्रशिक्षण जहाजावर, मग बोटीवर नोकरीला. १९०६मध्ये तो फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत शिरला आणि दोन वर्षांनी त्याने धाकट्यासाठी शब्द टाकला. चार्ली अमेरिकेला गेला तो याच कंपनीबरोबर.

१९१४च्या अखेरीस चार्ली कीस्टोन स्टुडिओ सोडत होता, तेव्हा सिड तिथे दाखल झाला. ‘अ सबमरीन पायरेट’ (१९१५) चांगला चालला. तरीही त्याने स्वतःचं काम बाजूला ठेवून भावाचा व्यवहार हाती घेतला. १९१६चा म्युच्युअल या चित्रपट कंपनीबरोबरचा करार वर्षाला ६,७०,००० डॉलरचा होता. पुढच्या वर्षीचा, फर्स्ट नॅशनल या दुसऱ्या कंपनीबरोबरचा, दहा लाखांच्याही वर गेला. चार्लीची प्रतिभा वादातीत, पण तिची किंमत वसूल करणारा माणूस सिड होता, असं मला वाटतं. अधूनमधून तो चार्लीच्या चित्रपटांत दिसायचाही. ‘शोल्डर आर्म्स’मधला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, तोच. १९१९मध्ये विमान कंपनी काढली, ती फार टिकली नाही.

मग १९२५मध्ये ‘चार्लीज आंट’ हा मूकपट. त्याचं मूळ तेच नाटक, ज्यावरून आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिलं. म्हणजे विजय चव्हाणांच्या मावशीची ही थोरली बहीण, तीही मुकी! पुढची दोन-तीन वर्षं सिड भावाच्या सावलीत अजिबात नव्हता. पण १९२९मध्ये इंग्लंडमध्ये एका अभिनेत्रीने त्याच्यावर हल्ल्याचा आरोप केला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं, कारकीर्द मात्र तिथेच संपली. १६ एप्रिल १९६५ला तो नीसमध्ये वारला. त्या दिवशी चार्लीचा शहात्तरावा वाढदिवस होता.

पुतण्याचं सगळंच निराळं. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. आई लिटा ग्रे. अंगाने धिप्पाड, रुबाबदार. मन रमलं ते ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, संगीत नाटकांत. ‘बेल्स आर रिंगिंग’साठी १९५७चा टोनी पुरस्कार मिळाला, १९६४मध्ये ‘फनी गर्ल’मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँडचा नायक झाला. २००९मध्ये वारला.

ओळखायची सोपी खूण हवी तर कान द्या. काकाचा शेवटचा चित्रपट १९२८चा, मूकच. पडद्यावरचा सिडनी चॅप्लिन बोलू लागला, की तो पुतण्या.