टाकीवरची आग: एअरब्रश जुना, रंग नवा

बुलेटच्या काळ्याभोर टाकीवर खरोखर पेटल्यासारखी दिसणारी आग पुण्याच्या रस्त्यांवरही आता अधूनमधून दिसते. ती पाहून कौतुक होतं ते हाताचं आणि एअरब्रशचं, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या हत्याराचं. हात लागतोच, त्यात वाद नाही. पण या कामाचा इतिहास पाहिला तर हत्यार फार आधी तयार होतं. खोळंबा होता तो रंगाचा.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलरनं १८७९ च्या सुमारास हवेच्या जोरावर रंग उडवणारं यंत्र केलं. लिबर्टी वॉकपनं त्याचे हक्क विकत घेऊन ते सुधारलं. १८९३ च्या आसपास चार्ल्स बर्डिकचा एअरब्रश आला. त्यात हवा आणि रंग टोकाच्या आतच एकत्र येत, आजच्या एअरब्रशची घडण साधारण तिथूनच येते. पुढची कित्येक वर्षं या हत्याराचं मुख्य काम होतं फोटो रीटच करणं.

गाड्यांवरच्या ज्वाळांची वाट वेगळी. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या उघड्या करून पळवणाऱ्या तरुणांमध्ये त्या गाजल्या. केनेथ हॉवर्ड, म्हणजेच व्हॉन डच, हे त्यातलं मोठं नाव. बॉनेटपासून मागे लपलपत जाणाऱ्या जिभा, मास्किंग टेप लावून कापलेल्या, पिवळ्यातून लालात उतरणाऱ्या, कडेनं बारीक रेघ मारलेल्या. देखणं काम होतं ते, आजही आहे. पण ते आगीचं चिन्ह होतं. खऱ्या आगीला रेघेची कड नसते. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यातल्या तापलेल्या काजळीच्या कणांमुळे, आणि एका ज्योतीतून मागची ज्योत दिसते. हे दाखवायचं तर रंगच पारदर्शक हवा.

तसा रंग त्याच दशकात तयार होत होता. जो बेलन या कारागिराचं नाव ‘कँडी ॲपल रेड’शी कायमचं जोडलं गेलंय. जॉन कॉस्मोस्कीनं १९५६ मध्ये ‘हाउस ऑफ कोलर’ सुरू केलं आणि असे रंग डब्यात मिळू लागले. कँडी रंग खालचं झाकत नाही. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो आणि येताना रंग घेऊन येतो. अडचण होती वरच्या थराची. आपले पेंटर ज्याला ड्यूको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग १९२० च्या दशकातला. तो झटपट वाळतो, पण थरावर थर चढवून जाड केला की तडकतो, आणि उन्हात त्याचं क्लिअर, म्हणजे वरचा बिनरंगी थर, पिवळं पडतं. हार्डनर घालून वापरायचं टू-के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं पॉलीयुरेथेन क्लिअर रुळलं, तेव्हा कुठे दहा-बारा पातळ थर सुखानं एकावर एक बसू लागले. माझ्या मते खऱ्यासारख्या आगीची सुरुवात इथून धरायला हवी. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या माइक लव्हॅलीनं ‘ट्रू फायर’ या नावानं ही शैली जगभर पोचवली.

काम चालतं ते असं. टाकी घासून, लांबी (पुटी) भरून, प्रायमर मारून काळी केली जाते. पहिल्या ज्वाळा गडद केशरी, मोकळ्या हातानं, धुरकट. त्यावर कँडी लालचा पातळ हात फिरला की त्या एकदम मागे सरकतात, विझत आल्यासारख्या दिसतात. मग दुसऱ्या ज्वाळा, जरा उजळ आणि कमी जागेत, त्यांच्यावर कँडी केशरी. शेवटी पिवळा, आणि अगदी थोड्या टोकांना पांढरट पिवळा. पुठ्ठ्याच्या वळणदार कापलेल्या तुकड्यानं ज्योतीची एक बाजू धारदार ठेवायची आणि दुसरी हवेत विरू द्यायची. दोन्ही बाजू धारदार झाल्या की आगीचा रेडियम स्टिकर होतो. पिवळा जास्त झाला तरी काम बिघडतं: आगीची खोली काळ्या रंगात असते, तो झाकायचा नाही.

पुण्याला हे सगळं परकं नव्हतं. आकुर्डीची बजाज, लुना काढणारी कायनेटिक आणि नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार यांच्यामुळे दुचाकीचं काम इथं मुरलेलं आहे. आणि गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर मूर्तीच्या अंगाला शेड देणाऱ्या कारागिराला रंग विरवणं शिकवावं लागत नाही. सोंडेच्या वळणाखालची सावली आणि ज्योतीची विरती कड यांत बोटाचं काम एकच आहे. या कारागिरांकडे बाइकवाल्यांनी अजून पुरेसं पाहिलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

इथली हवा मात्र आपलं म्हणणं मांडतेच. जुलैत दमट हवेत एनसी, म्हणजे तोच नायट्रोसेल्युलोज रंग मारला तर तो पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात डायचा (विरघळलेल्या रंगाचा) कँडी फिका होतो आणि लाल आधी उतरतो. म्हणून पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या बारीक कणांचा) कँडी आणि ऊन अडवणारं चांगलं क्लिअर मागून घ्यावं, त्यात पैसे वाचवू नयेत. गाडीचा मूळ रंगच बदलणार असाल तर आरसीवर रंग नोंदलेला असतो, तेव्हा आरटीओचं आधी विचारा.

काम ताब्यात घेताना टाकी उन्हात तिरकी धरून पाहा. साऱ्या ज्वाळा एकाच पातळीवर बसलेल्या दिसल्या, तर कँडी मध्ये न घालता फक्त शेवटी मारलाय.