‘साहेब, बेल्ट लावा’ हे म्हणायचं कोणी?

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे पट्ट्यात कंपन्यांच्या गाड्यांवर पांढऱ्या शर्टातले ड्रायव्हर असतात. बेल्ट रोज लावणारा कोण, हे त्यांच्या शर्टावरून ओळखता येतं. रोज लावणाऱ्याचा शर्ट स्वच्छ असतो. नाक्यावर ट्रॅफिकवाला दिसला की घाईने पट्टा ओढणाऱ्याच्या छातीवर मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत धुळीचा तिरका पट्टा उमटतो. महिनोन्‌महिने न वापरलेल्या बेल्टवरची ती धूळ.

हा तीन टोकांचा बेल्ट 1959 चा. व्होल्वोचा अभियंता नील्स बोहलिन याने तो तयार केला. त्याआधी तो साब या विमान कंपनीत लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होता. माणसाला बाहेर काढण्याचं काम सोडून तो माणसाला आत धरून ठेवण्याच्या कामाला लागला, असं म्हणायला हरकत नाही. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांसाठीही खुलं ठेवलं. 1970 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने बेल्ट सक्तीचा केला, मग एकेक देश त्या वाटेने गेला.

पण हे सगळे वाहतुकीचे कायदे. कामावर असलेल्या माणसाला त्याच्या मालकाने सांगायचं, हा धागा वेगळा आहे. त्यातला ठळक टप्पा म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा 16 एप्रिल 1997 चा आदेश. सरकारी कामावर गाडीत बसलेल्या प्रत्येक केंद्रीय कर्मचाऱ्याने, मग तो कुठल्याही सीटवर असो, बेल्ट लावायचाच. सरकारी कंत्राटदारांनीही आपापल्या माणसांसाठी असाच नियम करावा, असं प्रोत्साहन त्यात होतं. इथे सांगणारा हवालदार नव्हता, पगार देणारा होता.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली, सांगायची पाळी पगार घेणाऱ्यावर आली. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यांत 1993 च्या दुरुस्तीने मोटारींना पुढच्या सीटचे बेल्ट बसवणं बंधनकारक झालं. मागे पुढच्या दिशेला तोंड करून बसणाऱ्यांनीही बेल्ट लावावा, हेही त्याच नियमांत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले असताना अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटसाठी नवा कायदा येतोय असं अनेकांना वाटलं. नियम जुनाच होता, वाचला कोणी नव्हता.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 194 ब आलं. बेल्ट न लावता गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, आणि बेल्ट न लावलेल्या प्रवाशाला घेऊन जाणाऱ्यालाही तेवढाच. म्हणजे मागे डुलकी काढणाऱ्या साहेबांच्या बेल्टचा दंड ड्रायव्हरच्या नावावर. आता महिना संपला की पगारासाठी ज्याच्याकडे बघायचं, त्याला ‘साहेब, बेल्ट’ असं म्हणायचं कसं?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर हा प्रश्न आणखी गुंततो. एमआयडीसी 1962 ची, तिची सुरुवातच ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये झाली. पुढे खाडीपलीकडे कारखाने उभे राहिले. आज त्या पट्ट्यातल्या कितीतरी गाड्या कंत्राटावर चालतात. कंपनी एक, ट्रॅव्हल्सवाला दुसरा, ड्रायव्हर तिसरा. बेल्टचं बोलायची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्याकडे एकदा गाड्यांच्या कंत्राटाचे कागद माझ्या हातून गेले होते. उशीर झाला तर किती कापायचे यावर अख्खं पान होतं, बेल्टवर एक ओळ नाही. तुर्भ्याच्या बाजाराकडे निघालेल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत तर बेल्ट दोन आणि माणसं तीन, क्लिनर मधोमध.

कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यातही एक खुंटी होती. कामगाराने त्याच्या सुरक्षेसाठी दिलेलं साधन माहीत असून जाणीवपूर्वक डावललं आणि त्यामुळे इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकत असे. मृत्यू झाला तर मात्र ही सबब चालत नसे. मला यात गंमत वाटते ती ही, की सबब सांगायची तर साधन ‘दिलं होतं’ हे मालकालाच दाखवावं लागणार. सीटखाली दडपलेला बेल्ट दिला म्हणायचा का?

यंत्रानेच बोलावं, हा उपाय नंतर आला. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत पुढच्या सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारी टिंगटिंग बंधनकारक झाली. लगेच ती बंद करणारी क्लिप बाजारात आली. बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या हटवायला लावल्या, तेव्हा 13,118 नोंदी निघाल्या. एप्रिल 2025 पासून नव्या मोटारी मागच्या सीटसाठीही टिंगटिंग करतात. ड्रायव्हरला तोंड उघडायची गरज उरली नाही.

कंत्राटातल्या गाड्या मात्र बहुतेक जुन्या. परवा ऐरोलीहून घणसोलीला जाताना मी मागे बसून बकल शोधत होतो. नवीन सीट कव्हर शिवताना शिंप्याने भोकंच ठेवली नव्हती. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, “काका, मागचं कुणी मागतच नाही ना.”